चित्स्केच्या कपाटातले टोळ

चित्स्के वीर्स्माच्या घरात माशीसुद्धा पाय पुसून शिरते, असं गावात म्हणत. नेदरलँड्समधल्या फ्रीसलँड प्रांतातल्या त्या कालव्याकाठच्या खेड्यात स्वच्छ घरांना तोटा नव्हता, पण चित्स्के फरशी पुसून झाल्यावर फडकं पुसणारी बाई होती. नवरा दुर्क कालव्यावरचा पूल उघडायचा. होडी आली की पूल वर, आणि पुलाच्या पैशांसाठी दोरीला बांधलेला लाकडी जोडा होडीवाल्यापुढे. त्यात नाणं पडलं की मान हलवून नमस्कार. पुढे तो पूल दूरच्या शहरातून बटणावर उघडायला लागला आणि दुर्क घरी बसला. दिवसभर खिडकीत उभं राहून जाणाऱ्या होड्यांना नावं ठेवायची, हा त्याचा नवा धंदा.

त्यांची मुलगी यिल्डाउ नवऱ्याबरोबर कायमची न्यूझीलंडला निघाली. त्या देशात सरडा न्यायला बंदी, म्हणून तिचा दाढीवाला सरडा काचेच्या पेटीसकट आईबापांकडे आला. हातभर लांब, गळ्याखाली काटेरी दाढी, आणि नजर अशी की समोरच्याची सगळी पापं त्याला तोंडपाठ असावीत. दुर्कने त्याचं नाव ठेवलं 'पाद्री'.

"खऱ्या पाद्रींच्या कानावर गेलं तर मी देवळात तोंड कसं दाखवू?" चित्स्के म्हणाली. ती तिथल्या गायनात पहिल्या रांगेत उभी राहायची.

"ते कशाला येतायत इथे सरड्याला हाक मारायला?"

पाद्री पालेभाजी खायचा, पण औषध घेतल्यासारखी. त्याचा जीव टोळांवर. जिवंत, उड्या मारणारे टोळ. ते जवळच्या स्नेक नावाच्या शहरात एका दुकानात डबीतून मिळत. हिवाळ्याच्या तोंडावर तो म्हातारा दुकानदार दुकान बंद करून मुलाकडे राहायला गेला, आणि जाताना उरलेले टोळ दुर्कच्या हवाली करून गेला.

"आता आपण घरीच वाढवायचे," दुर्कने जाहीर केलं.

"आपण म्हणजे कोण?"

"मी. यिल्डाउच्या खोलीत. रिकामीच तर आहे."

"ती रिकामी नाही, ती स्वच्छ आहे."

पण पूल गेल्यापासून नवरा पहिल्यांदाच कशाने तरी हुरळला होता, म्हणून चित्स्केने ओठ आवळून होकार दिला. दुर्कने जुन्या काचेच्या कपाटाला जाळी ठोकली, वर बल्ब लावले, आत काटक्या उभ्या केल्या. उबेत टोळ बघता बघता पंखांचे झाले. लग्नाचं वय झालं की या टोळांच्या नरांना आपोआप हळद लागते. ते पिवळेधमक होतात आणि माद्यांच्या पाठीवर जाऊन बसतात. माद्यांनी वाळूच्या कुंडीत शेपटं खुपसली, अंडी घातली. दुर्क आनंदाने येता-जाता कुंडीला पाणी घालत राहिला. अंडी कुजली. पुढची कुंडीही तशीच गेली. तिसरी त्याने चित्स्केच्या हातात दिली.

"फेकून दे. माझ्या हाताला यश नाही. मी मासे धरायला चाललो."

कचऱ्याची गाडी यायला अवकाश होता. घरात वाळू सांडायला नको म्हणून चित्स्केने कुंडीवर ओलसर फडकं टाकलं आणि ती पाणी तापवायच्या टाकीशेजारच्या कपाटात तळाशी सरकवली. त्याच कपाटात ती पावाची कणिक फुगायला ठेवायची. मग सणाचे दिवस आले, पाहुणे आले, आणि कुंडी साफ विसरली.

एका सकाळी तिने कणिक बघायला कपाट उघडलं. फुगलेल्या पांढऱ्या गोळ्यावर काळे दाणे दिसले. शहाजिरं आपण कधी घातलं, म्हणून ती खाली वाकली. शहाजिऱ्याने उडी मारली.

मग सगळंच शहाजिरं उडायला लागलं. फळीवर, टॉवेलांवर, तिच्या अॅप्रनवर. फडक्याखालून आणखी येत होते. पांढुरके, ओले, आत्ताच जन्मलेले, तांदळाच्या कणीएवढे. त्यांना पाय होते, मिशा होत्या, आणि एक तर तिच्या अंगठ्यावर बसून चक्क तोंड पुसत होता. चित्स्के किंचाळली नाही. तिला आधी गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं, मग हसू फुटलं, आणि मग ते आवरेना. एकटीच स्वयंपाकघरात, दोन्ही हात हवेत धरून, साठीची बाई हसत उभी.

तिने कालव्यावर मासे धरत बसलेल्या नवऱ्याला फोन लावला. "दुर्क, घरी ये."

"का, काय झालं?"

"मुलं झाली."

"कुणाला?"

"मला वाटतं, मला."

त्या दिवसापासून कारभार तिच्या हाती गेला. पाणी किती ते तिला कणकेवरून कळायचं: वाळू मुठीत धरली तर गोळा व्हावी, पण बोट ओलं होऊ नये. गवताची मात्र पंचाईत होती. शेतांत कुठे औषध, कुठे पातळ शेण. गावात निर्मळ गवत एकाच ठिकाणी, देवळामागच्या कबरस्तानात. चित्स्के कात्री आणि टोपली घेऊन तिथे जाऊ लागली. गावाला वाटलं, बाई पूर्वजांची सेवा करते आहे. तिनेही वाटू दिलं.

टोळ वाढत गेले तसा त्यांच्या खाण्याचा आवाज वाढला. खोलीचं दार उघडलं की पत्र्यावर बारीक सर आल्यासारखं वाटे. सगळ्यात तिचा जीव अडकला तो त्यांच्या कात टाकण्यात. टोळ काटकीला उलटा लटकतो, पाठ उसवते, आणि आपल्याच कातडीतून तो हळूहळू खाली ओघळतो. पंख ओल्या रुमालासारखे चुरगळलेले. मग ते पंख उलगडतात. ते बघताना चित्स्के श्वास घ्यायला विसरायची. एकदा गायनाची तालीम बुडाली. बटाटे करपले, असं तिने तिकडे सांगितलं.

"या घरात पूर्वी धूळ दिसायची नाही," दुर्क म्हणाला. "आता बायको दिसत नाही."

"बोलू नकोस. याचा डावा पंख अडकलाय."

वसंतात त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. घरी कॉफीला माणसं बोलावली: शेजारी, खरे पाद्री हॉल्टरमन, आणि दुर्कची बहीण दाउत्सेन. ही नणंद केस पार्लरमधून फुगवून यायची आणि बसण्याआधी खुर्चीवर बोट फिरवायची. चित्स्केने गुलाबी साखरेचा, क्रीमचे फुगे काढलेला केक केला. यिल्डाउच्या खोलीचं दार आज उघडायचं नाही, असं दुर्कला बजावलं.

पण दुर्कला बायकोचं कौतुक ऊतू चाललं होतं. कॉफी झाल्यावर तो उठला. "या बाईने ह्या वर्षी जे केलं ते मला जमलं नाही," एवढं बोलून आत गेला आणि पिवळ्या झालेल्या टोळांची पेटी घेऊन आला. पेटीला लाल रिबीन बांधली होती. तिची गाठ नेमकी झाकणाच्या कडीला होती.

त्याने रिबीन ओढली.

टोळ एकदम उठले. दिव्याभोवती, पडद्यांवर, कपांवर, भर्रकन. दोन केकवर उतरले आणि क्रीममध्ये गुडघाभर रुतले. दाउत्सेन पुतळ्यासारखी बसली होती.

"दुर्क," ती ओठ न हलवता म्हणाली, "माझ्या डोक्यावर काय आहे?"

"नवरदेव," दुर्क म्हणाला.

"खिडक्या लावा," चित्स्के ओरडली. तिने गाळणी उचलली, शेजाऱ्याने टोपी, कुणी चहाची किटली उघडून धरली. टोळ सगळ्यांच्या हातावर तुरी देत होते. "दुर्क, पाद्रीला आण. तो दोन मिनिटांत आवरेल."

हॉल्टरमन भांबावून उभे राहिले. "मी? मी काय करणार? बायबलात फारोवर टोळधाड आली, तेव्हा आमच्यापैकी कोणी नव्हतं."

तोवर दुर्कने सरडा आणून गालिच्यावर सोडलाही होता. सरड्याने दाढी फुगवली, मान तिरकी केली आणि हॉल्टरमनांच्या बुटावरचा टोळ गट्ट केला.

"हा पाद्री?" हॉल्टरमनांनी विचारलं.

चित्स्केला वाटलं, आता धरणी दुभंगावी. "हो," ती म्हणाली. "दाढीमुळे."

हॉल्टरमनांनी वाकून सरड्याला न्याहाळलं. "प्रवचन आमच्यापेक्षा आटोपशीर आहे," ते म्हणाले, आणि खाली बसून खांदे गदागदा हलवत हसायला लागले.

मग कुणालाच धरबंध राहिला नाही. चित्स्के गाळणी छातीशी धरून गालिच्यावरच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दाउत्सेनने डोक्यावरचा नवरदेव दोन बोटांनी अलगद काढला, त्याला निरखलं आणि म्हणाली, "रंग मात्र सुंदर आहे हो." संध्याकाळपर्यंत माणसं हलली नाहीत. केक चमच्याने टोळ बाजूला करून खाल्ला गेला.

ही बातमी स्नेकपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. दुकान बंद झाल्यापासून तिकडच्या सरडेवाल्यांचेही हाल चाललेच होते. शनिवारी अनोळखी गाड्या दारात थांबू लागल्या. मानेवर नाग गोंदलेला एक आडदांड लोहार आला, दारात पायपुसण्यावर बूट घासत उभा राहिला. त्याच्या गिरगिटाने खाणं सोडलं होतं. चित्स्केने त्याला कोवळे टोळ निवडून दिले. पुढच्या शनिवारी तो फुलं घेऊन आला आणि गिरगिटाने जीभ कशी टाकली ते त्याने स्वयंपाकघरात करून दाखवलं. पैसे ती घेत नसे. कुणी चीज आणी, कुणी गव्हाचा कोंडा, हॉल्टरमन स्वतः कबरस्तानातलं गवत पोत्यात भरून पाठवत आणि वर चिठ्ठी: पाद्रीकडून पाद्रीला.

दुर्क सगळ्यांना कॉफी द्यायचा आणि पुलाच्या गोष्टी सांगायचा. ऐकणारी नवी माणसं रोज मिळत होती, त्यामुळे त्याला खिडकीत उभं राहायला सवड नव्हती.

एका रविवारी यिल्डाउचा व्हिडिओ फोन आला. तिकडे रात्र होती, इकडे सकाळ.

"आई, तुझ्या मागे भिंतीवर काहीतरी चालतंय."

"असू दे," चित्स्के म्हणाली. "तू थांब, फोन ठेवू नकोस. आत एकाची पाठ उसवायला लागली आहे, तुला दाखवते." आणि चपला न घालताच ती फोन हातात धरून यिल्डाउच्या खोलीकडे धावली.