पिठातली मुंगी

बायको गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाथर्डीहून आलेल्या माझ्या थोरल्या बहिणीनं टोपली उचलली. आमच्यात माणूस जिथं जातं त्या जागी पीठ पसरून वर टोपली पालथी घालतात. पिठात जी खूण उमटेल, तो म्हणे त्याचा पुढचा जन्म. मी सारी हयात शाळेत विज्ञान शिकवलेलं. मान फिरवून बसलो होतो.

"अरं, मुंगी हाय रं," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

मला रागच आला. पीठ सांडलं की मुंग्या येणारच, त्यात नवल ते काय! तरी उठलो. पिठातली बारीक रेघ उंबऱ्याकडे गेली होती. बाहेर तुळशीच्या कुंडीपाशी एक मुंगी पिठाचा कण ओढत होती. डोकं काळं, मागचा भाग सोनेरी. इतकी वर्षं कोल्हारात काढली, असली मुंगी कधी पाहिली नव्हती.

ती आत आली कशी, तेही दिसलं. उंबऱ्यावर मुंग्या मारायच्या खडूची रेघ असायची. ती मीच ओढायचो, दर रविवारी. बायको म्हणायची, "अहो, त्यांनी जायचं कुठं?" मी खेकसायचो, "मसणात जाऊ देत!" काल तिला उचलून नेताना खांदेकऱ्यांच्या पायांनी ती रेघ मधेच पुसली गेली होती.

मुंगी एका रिकाम्या बाटलीत धरली, फोटो काढला आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला पाठवला. तो आता कॉलेजात कीटकशास्त्र शिकवतो. लगेच त्याचा फोन आला. आधी बायको गेल्याबद्दल हळहळला, मग म्हणाला, "सर, फोटोवरून नक्की नाही सांगता यायचं. स्पिरिटमध्ये बुडवून पाठवा. मेलेली लागेल."

स्पिरिट घरात होतंच, बायकोच्या इंजेक्शनांसाठी आणलेलं. झाकण उघडलं. वास आला आणि ती दंड पुढं करून बसलेली दिसली. मुंगी ती मुंगीच, हे मला कळत होतं हो! पण हात काही केल्या पुढं जाईना. म्हटलं, राहू दे बिननावाची.

तिला कुंडीपाशी सोडलं. मग ओलं फडकं घेऊन उरलेला खडू घासायला बसलो.

"काय करतुयास रं?" बहिणीनं विचारलं.

"रेघ पुसतोय. ती सांगत होती तेव्हाच पुसायला हवी होती," एवढं बोललो आणि उंबऱ्यावरच रडू फुटलं.