पाच रेघांवरचे भाऊजी

तंजावुरात आजवर जेवढी हट्टी माणसं जन्मली, त्यांत माझ्या धाकट्या दिरांइतकं हट्टी कोणी नव्हतं, आणि हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणत असे. विधुर माणूस, आमच्याकडेच राहायचे. बँकेत कम्प्यूटर आले त्या वर्षी भाऊजींनी मुदतीआधीच नोकरी सोडली. "वैनी, तो आला, मी निघालो," एवढंच सांगून चपला काढल्या. मी हबकले. सावरते न सावरते तोच तिरुचीहून टेंपोत घालून एक जुना पियानो आला. दारातून जाईना म्हणून खिडकीचे गज काढले आणि मधल्या खोलीत आजेसासूबाईंच्या वीणेशेजारी तो बसवला. म्हशीशेजारी शेळी बांधावी तशी ती वीणा दिसायला लागली.

भाऊजींचा कान मात्र विलक्षण होता. देवळातलं नागस्वर एकदा ऐकलं की जेवताना जसंच्या तसं गुणगुणणार. रसम ओरपतानाही ताल चुकत नसे. आमच्याकडे गाणं असंच शिकतात. गुरूनं म्हणायचं, शिष्यानं परत म्हणायचं, कागदाकडे कोणी बघत नाही. पण भाऊजींना कागदच वाचायचा होता. शिकवायला चर्चमध्ये वाजवणाऱ्या एक टीचरम्मा यायच्या. गावात ही विद्या येणाऱ्या त्या एकट्याच. सत्तावन्न वर्षांचा गृहस्थ नखं कापून, धुतलेली वेष्टी नेसून त्यांच्यापुढे हात पसरून बसलेला पाहिला आणि माझ्या हातातली कापी, म्हणजे कॉफी, सांडली. त्या विद्येत पाच रेघा असतात आणि त्यांवर शेपटीवाले काळे ठिपके. ठिपका जितका वर, सूर तितका चढा. एकदा मी गच्चीवर सांडगे घातले होते. वर जाऊन पाहते तर खालच्या कापडावर कोळशानं पाच रेघा ओढून भाऊजींनी माझे सांडगे त्यांवर मांडलेले, आणि भर उन्हात उभं राहून एकेक वाचताहेत. "कावळ्यानं दोन नेले," म्हणाले, "आता चाल जुळत नाही." कापड म्हणजे माझ्या यजमानांची नवी वेष्टी होती.

आठ महिने असं चाललं. भाऊजी पुस्तकाकडे टक लावून छान वाजवायचे, वेळेवर पानही उलटायचे. मग एक दिवस टीचरम्मांनी त्यांच्या नकळत पान बदललं. भाऊजींनी त्याच गंभीर चेहऱ्यानं आधीच्याच पानावरचं गाणं वाजवलं. टीचरम्मांनी झाकण लावलं. "सार, तुम्ही वाचत नाही. मी आधी वाजवून दाखवते ते ऐकून ठेवता." मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. वाचता येण्याचं सोंग कोणी आठ महिने आणू शकतं हे मला खरंच वाटेना. टीचरम्मा म्हणाल्या, "सरस्वतीपूजेच्या दुसऱ्या दिवशी मी न ऐकवलेलं पान उघडेन. ते वाचता आलं नाही, तर मी येणं बंद करते."

त्या संध्याकाळी भाऊजी जेवले नाहीत. "वैनी, जन्मभर दुसऱ्याचं ऐकून परत म्हटलं," म्हणाले. "कोणी न ऐकवलेलं एक तरी मला कागदातून काढायचंय."

"मग सोंग कशाला आणलं?"

"लाज वाटली."

त्यानंतर पूजेपर्यंत त्यांनी टीचरम्मांना आधी काही वाजवू दिलं नाही. बोट रेघेवर ठेवून मुंगीच्या चालीनं वाचायचे, ऐकणाऱ्याचे हाल. पूजेदिवशी टीचरम्मा नवं पुस्तक घेऊन आल्या. बाई येशूच्या, पण तंजावूरच्या. "आज देवीपुढे ठेवा, उद्या उघडू," म्हणाल्या. त्या दिवशी आमच्यात पुस्तक वाचायचं नसतं, त्यामुळे भाऊजी दिवसभर लांबून त्याच्याभोवती घिरट्या घालत होते. मी रीतीप्रमाणे देवीला कुंकू लावलं आणि नव्या पुस्तकाच्या पहिल्या पानालाही, काडीनं, बारीकसं.

दुसऱ्या दिवशी तेच पान उघडलं. भाऊजींच्या कपाळावर घाम. एकेक सूर निघाला, अडखळत, पण निघाला. दुसऱ्या ओळीत मात्र असा काही सूर किंचाळला की अंगणातलं मांजर पळालं. टीचरम्मांनी हात वर केला. "हे कुठून आणलंत?"

"इथं आहे की," भाऊजींनी बोट ठेवलं. "शेपटी नाही, तरी म्हटलं असेल एखादा."

टीचरम्मांनी नखानं खरवडलं. वाळून काळपट झालेलं कुंकू नखात आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जागच्या जागी गार. माणसाचं सगळं त्या एका पानावर टांगलेलं, आणि त्यात मी ठिपका घालून ठेवला होता.

"मी लावलं," म्हटलं. "त्यांना बोलू नका."

टीचरम्मांनी रुमालाला नख पुसलं. मग म्हणाल्या, "कानानं वाजवणाऱ्याच्या हातून हा सूर मेला तरी निघाला नसता. हा वाचणाराच वाजवील."

"म्हणजे मी वाचलं?" भाऊजींनी विचारलं, आणि वेष्टीच्या सोग्यात तोंड खुपसलं. मी आत जाऊन कापी ठेवली. पुरुष माणूस रडताना काय बघायचं.

पुढं नऊ वर्षं वाजवलं त्यांनी. ते पान आलं की माझा ठिपकाही वाजवायचेच. तो वगळा म्हणून सांगणं टीचरम्मांनी सोडून दिलं. भाऊजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पियानोवर धुतलेले कपडे ठेवतो आम्ही. पूजेला मात्र मी ते पुस्तक काढते. ठिपका फिका झालाय, त्यावर पुन्हा कुंकू लावत नाही. त्याची पट्टी कुठली ते भाऊजींनी दाखवून ठेवलं होतं. कपडे बाजूला सारून ती एकदा दाबते. सूर तिथं शोभत नाही हे मलाही कळतं. पण कागदावरचा तेवढा एकच मला वाचता येतो.