काकूचा घास

मी लिहावं असं खरं तर काही नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि डॉक्टरकीतलं मला काहीच कळत नाही. तरी माझ्या चुलतीच्या गिळण्याबद्दल लिहायचं धाडस करतो आहे. वाचणाऱ्यांनी माफ करावं. काकू करेल असं वाटत नाही.

आमच्याकडे बायका शेवटी जेवतात, आणि काकू बायकांतही शेवटची. म्हणून तिला घास गिळवत नाही हे दोन महिने कुणाला कळलंच नाही. एकदा बीडच्या कॉलेजातून घरी येताना माझी एसटी उशिरा पोचली आणि दुपारी तिच्यासोबत मी एकटाच जेवायला बसलो. तिनं वरणाचा एक घोट घेतला, तो नाकातून बाहेर आला.

"काकू, असं कावून होतंय?"

"घास वाट चुकतो. तू जेव."

"मग तुझी भाकर कोण खातंय?"

तिनं दाराकडं बघितलं. तिथं आमचं कुत्रं बसलं होतं. ते लई जाड झालं होतं, आणि घरात सगळे त्याचं कौतुक करत होते.

तिला मी अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. गळ्यात कॅमेरा घालून तपासलं, गाठ दिसली नाही. मी लगेच घरी फोन केला, "सगळं साफ हाय." काकांनी लिंबागणेशच्या गणपतीला जाऊन नारळसुद्धा फोडला. त्या घाईची मला अजून लाज वाटते.

डॉक्टरबाई मात्र काकूच्या जांभळट पापण्यांकडे बघत होत्या.

"मावशी, हात वर करा."

हात खांद्याच्या वर जाईनात.

"मग केस कोण विंचरतं?"

"जाऊबाई."

जाऊबाई म्हणजे माझी आई. दोन महिने ती काकूची वेणी घालत होती, आणि दोघींचं आता जमलं म्हणून आम्ही खूश होतो.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं, गळा चांगला आहे, पण गिळायचे आणि खांद्याचे स्नायूच अशक्त झालेत; पापण्यांचा जांभळा रंगही त्याचीच खूण. कधीकधी अंगात दुसरीकडे लपलेल्या कॅन्सरमुळे असं होतं. शोधला तेव्हा तो अंडाशयात सापडला. लहानसा, कधी न दुखलेला.

काकू म्हणाली, "आमच्या भावकीवानीच हाय की. भांडण एकाशी अन् बांध कोरायचा दुसऱ्याचा."

ऑपरेशन झालं, औषधं सुरू झाली. नाकातून नळी घातली. त्या नळीतून आई तिला पातळ पेज द्यायची.

"जाऊबाई, मीठ घातलंय का?"

"घातलंय. तुला नावं ठेवता येत न्हाईत, म्हणून तर मन लावून करते."

कॅन्सर लवकर सापडला, असं डॉक्टर म्हणाले. पण गिळणं परत येईल का, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. परीक्षेसाठी मी बीडला आलो. रोज संध्याकाळी काकांना फोन करायचो. ते "नळी हाय" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. असे कित्येक आठवडे गेले.

परवा त्यांचाच फोन आला. मी तेव्हा स्टँडवर होतो, गाड्यांच्या आवाजात नीट ऐकू येईना, म्हणून एका कोपऱ्यात गेलो.

"काका, नळी?"

"काढली. सकाळी वाटीभर मऊ भात खाल्ला तिनं. सगळा पोटात गेला."