आबांच्या रागावर माझा राग

माझं गाणं आयुष्यात एकाच माणसाला मनापासून आवडलं, आणि त्यानंच माझं वाटोळं केलं.

तो माणूस म्हणजे माझे वडील, आबा. शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत होती. स्वभावात मात्र गोडव्याचा खडाही नव्हता!

१९५०च्या सुमारास कॉलेजच्या वाचनालयात एका अमेरिकन मासिकात मी वाचलं, की तिकडे संगीतानं आजार बरे करण्याची चक्क पदवी मिळते. मी वेडाच झालो. (गात होतोच, त्यामुळे फार लांब जावं लागलं नाही.) खटपट करून प्रवेशही मिळवला. उरली आबांची परवानगी.

"मग दवाखान्यात भजनी मंडळ बसवायचं व्हय रं?" आबा कडाडले.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना ब्लडप्रेशर सांगितलं. मीठ बंद, राग बंद. आईनं मीठ बंद केलं, त्यामुळे राग दुप्पट झाला. अळणी तांबडा रस्सा पाहून सुरू झालेलं भांडण गल्लीच्या टोकापर्यंत जायचं.

मी संधी साधली. "आबा, तुमचा राग मी रागानं घालवतो."

"तू माझ्यावर रागावणार?"

"तसला नव्हे. गाण्यातला."

"आन् राग गेला तर पोराला जाऊ द्या की," आई मध्येच म्हणाली.

"बघू," आबा म्हणाले. आमच्या घरात ही अर्धी परवानगी होती.

रविवारी जेवणानंतर डॉक्टर यंत्र घेऊन बसले. मी डोळे मिटून सारंग सुरू केला. तेवढ्यात आईच्या हातून पातेलं पडलं. एरवी आबांना भांडायला तेवढं तासभर पुरलं असतं.

"पडूंदे. पातेलंच हाय," आबा म्हणाले.

आई घाबरली. डॉक्टरांनी पारा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "आबासाहेब, उतरलं की ओ!"

मी मनानं बोटीत चढलोसुद्धा.

आबांनी मला मायेनं जवळ बसवलं. "गुण हाय बघ तुझ्या गळ्यात."

"मग जाऊ?"

"खुळा का काय रं? घरातलं औषध अमेरिकेला धाडतंय कोण?"

मी वाद घातला, हातापाया पडलो. डॉक्टर म्हणाले, "आवाज चढवू नका, त्यांचं प्रेशर वाढंल." वाढलंच. मग मलाच पुन्हा गावं लागलं.

पुढे मी अडतीवर बसलो आणि रोज दुपारी गात राहिलो. ती पदवी राहिली ती राहिलीच. त्याची हळहळ अजून जात नाही. आबा मात्र नव्वदी गाठून शांतपणे गेले.

आता ब्लडप्रेशरच्या गोळ्या मला चालू आहेत. परवा स्वतःसाठीच सारंग गाऊन पाहिला. आणखी वाढलं!