छप्पर उचललं तो दिवस

धुळ्याच्या एमआयडीसीतलं आमचं मोठं गोदाम भाऊंनी, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंनी, कापसाच्या गाठींसाठी बांधलं होतं. पुढे ते एका कुरिअर कंपनीला भाड्याने दिलं. गेल्या वर्षी कंपनीचा साहेब आला आणि वर बघत म्हणाला, "छप्पर बुटकं आहे. आमचे नवे रॅक इथे मावणार नाहीत. आम्ही नाशिकला जातो."

भाऊ म्हणाले, पाडून नवं बांधू. मी म्हणालो, विकून टाकू. भाऊंची मुलगी नुकतीच कारभारात आली होती. ती म्हणाली, "पप्पा, पाडायचं कशाला? छप्परच वर उचलू."

मी हसलोच. "अगं, डब्याचं झाकण आहे का ते?"

ती रागावली नाही. पुण्याहून इंजिनिअर आणून तिने एकेक खांब तपासून घेतला. कंपनीला थांबायला राजी केलं आणि तिचा माल तात्पुरता आमच्या अमळनेरच्या शेडमध्ये हलवला. हमालांना स्वतः जाऊन सांगितलं, कुणाचंही काम जाणार नाही.

मग तो दिवस उजाडला. खांबाखांबाला जॅक लावले होते, बाहेर क्रेन उभी होती. खांब कापले आणि छप्पर हललं. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये चहूबाजूंनी उजेडाची रेघ उमटली, ती रुंदावत गेली, आणि तिच्यातून पलीकडचा हायवे दिसायला लागला. माझे हात आपोआप जोडले गेले.

दुपारी लळिंगच्या डोंगराकडून वादळाची धूळ उठली. इंजिनिअर म्हणाला, उरकून घेऊ. पुतणीने क्षणभर तिकडे पाहिलं.

"नाही. टेकू लावा आणि सगळे बाहेर या."

म्हातारा मुकादम आतूनच ओरडला, "ताई, आते थोडंच राह्यनं शे!"

"नाना, उद्या करू. आधी बाहेर."

मीही वैतागलो. उद्या पुन्हा क्रेन, पुन्हा सगळी माणसं. ती म्हणाली, "काका, माझ्यावर चिडा, पण बाहेर येऊन चिडा."

वारा आला तो सगळं झोडपतच. अर्धवट उचललेलं ते अजस्र छप्पर टेकूंवर करकरत होतं आणि आम्ही सगळे रस्त्यापलीकडे उभे होतो. मुकादम नुसता तिच्याकडे बघत राहिला. छप्पर टिकलं. नसतं टिकलं तरी आत कोणीही नव्हतं, आणि ते तिच्यामुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम पुरं झालं. आत गेलो तर माझाच आवाज मला निराळा वाटला. भाऊ मधोमध मान वर करून उभे होते.

"एवढी जागा आपल्याच डोक्यावर होती!" ते पुटपुटले. मग लेकीकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी तिला विचारलं, "आता पुढे काय करायचं?"

"नव्या गोदामासाठी शिरपूर रस्त्यावर एक जागा बघून ठेवलीय. चला, दाखवते."

आम्ही दोघे म्हातारे मुकाट्याने तिच्या गाडीत मागे बसलो.