जाळ्याची वजनं

ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. महत्त्वाचं आधी, तपशील नंतर, असं आयुष्यभर लिहिलं. इथे मात्र उलटं होतंय — ते तुमच्या लक्षात येईलच.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं. मी गिरगावातल्या एका दैनिकात उमेदवारी करत होतो. सभा-मोर्चे ज्येष्ठांकडे, माझ्या वाट्याला शीवजवळच्या बुजलेल्या तळ्याकाठचं उत्खनन आलं. प्राचीन वस्ती निघत होती — चुली, खापरं, माशांचे काटे. ते दिवस सुखाचे होते. आजही आठवले की बरं वाटतं.

खड्ड्यातून मातीची घमेली वर आणणाऱ्यांत शीव कोळीवाड्यातल्या हिराबाई होत्या. त्यांचा गुडघा दुखायचा. चढताना हात टेकायच्या. दुपारी मला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी द्यायच्या. खड्ड्यात भाजक्या मातीचे, भोक पाडलेले जाडजूड मणी सापडत होते. सगळे त्यांना दागिने म्हणत. मीही तसंच लिहिलं होतं.

एकदा हिराबाईंनी त्यातला एक उचलला.

"अरं पेपरवाल्या, मनी कसले? जाल्याची वजनं ही! भोक बघ, एकाच अंगाला झिजलंय — दोरानं. तुमच्या सायबानं मासे नुसते ताटातच बघितले वाटतं!"

संध्याकाळी मी ते झिजलेलं भोक उत्खननप्रमुखांना दाखवलं. ते बराच वेळ पाहत राहिले.

"कुणाच्या लक्षात आलं हे? कामगारांपैकी कुणी असेल तर सांगा. उद्यापासून खापरं निवडायला बसवतो, सावलीत."

नाव जिभेवर होतं. मग — का? मला कुणी धमकावलं नव्हतं. कसली घाईही नव्हती.

"माझाच अंदाज, सर."

बातमी माझ्या नावानं छापून आली, पहिल्यांदाच. त्याच पानावर अग्रलेख होता — मुंबई घाम गाळणाऱ्यांची. त्या महिन्यात मी कायम झालो. पुढे सगळं चांगलंच झालं.

सावलीतल्या जागेबद्दल हिराबाईंना कधीच कळलं नाही. बातमी मात्र त्यांनी वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत.

"संपलं?"

"संपलं."

"बरं लिवलंस," त्या म्हणाल्या, आणि भाकरी पुढे केली. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, घमेलं घेऊन खाली उतरल्या.

मी भाकरी खाल्ली. चटणी चांगली झाली होती.