दाजींची मऊ खोली

माझे दाजी गाद्यांच्या दुकानात कामाला आहेत. ताईचं लग्न ठरताना आम्हाला एवढंच सांगितलं गेलं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. फक्त या माणसाच्या डोक्यात दिवसभर ढमढम चालू असतं, हे कुणी बोललं नव्हतं. ते स्वतः काही वाजवत नाहीत. टेबलावर बोटांनी ताल धरायला गेले तरी ताई म्हणते, "अहो, चहा सांडेल." त्यांना हौस आहे ती दुसऱ्याने वाजवलेलं नीट टिपून ठेवायची. लोक पक्ष्यांचे फोटो काढत हिंडतात, तसे हे आवाजामागे.

घराच्या मागच्या बाजूला एक लहान खोली आहे. तिथे मोडक्या खुर्च्या, रिकामे डबे आणि व्यायामाचं एक यंत्र होतं, ज्यावर व्यायाम सोडून बाकी सगळं वाळत घातलं जायचं. दाजींनी ते सामान जिन्याखाली कोंबलं आणि खोलीला स्टुडिओ म्हणायला सुरुवात केली. म्हणणारे ते एकटेच. ताई 'मागची खोली' म्हणते, आणि दाजींचे वडील, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, ते 'तो उद्योग' म्हणतात.

लहान खोलीत ड्रम वाजवला की आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि माइकमध्ये नुसता कालवा होतो. म्हणून भिंतींना आवाज पिणारं काहीतरी लावतात. पण गाद्या विकणाऱ्या माणसाला 'भिंतीला काहीतरी मऊ लाव' सांगणं म्हणजे आजीला 'नातवाला जरा खायला दे' सांगणं. दाजींनी दुकानातले फोमचे उरलेसुरले तुकडे आणून भिंती मढवल्या, छत मढवलं, दार आतून मढवलं, दिव्याच्या बटणाभोवतीसुद्धा फोम कातरून बसवला. मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा म्हटलं, "दाजी, जमीन राहिली की."

ते गंभीरपणे म्हणाले, "गालिचा सांगून ठेवलाय."

त्या खोलीत शांतता अशी की हाक मारली तर ती ओठांपासून वीतभर जाऊन खाली पडायची. मग तिथे लोकांना झोप यायला लागली. ताई कपड्यांच्या घड्या घालायला गेली आणि टॉवेलांच्या ढिगावर आडवी झाली. दाजींनी मला माइकसमोर बसवून 'काहीतरी बोल' म्हटलं, तर मी दोन वाक्यांनंतर घोरायला लागलो. ते घोरणं मात्र फार स्वच्छ टिपलं गेलंय. पाहुणे आले की दाजी ते ऐकवतात.

तात्यांची झोप मुळात कागदासारखी. शेजारच्या घरात कुणी कूस बदलली तरी हे जागे. समोर गाड्या दुरुस्त करणारा आल्यापासून त्यांची दुपारची झोप उडालीच होती. एके दुपारी ते मुलाचा उद्योग बघून चार शब्द सुनवायला म्हणून त्या खोलीत शिरले, ते दिवेलागणीला डोळे चोळत बाहेर आले. चेहरा असा उजळलेला की ताईने घाबरून तब्येत विचारली. तात्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की खोली आता त्यांना हवी.

दाजींनी स्टुडिओचं महत्त्व सांगितलं. तात्यांनी विचारलं, आजवर या स्टुडिओत काय काय झालं? दाजींनी माझ्याकडे बघितलं. माझं घोरणं सोडलं तर दाखवायला काहीच नव्हतं.

निवाडा ताईनेच केला. तिची दातांची डॉक्टरीणबाई फावल्या वेळात एका बँडमध्ये ड्रम वाजवते. त्यांच्या गाण्याचं बाकी सगळं रेकॉर्ड झालं होतं, ड्रम तेवढा राहिला होता, कारण ड्रम म्हटलं की कुणी जागा देत नव्हतं. ताई म्हणाली, "बाईंना इथे वाजवू द्या. त्यांनी ऐकून पसंत केलं तर खोली यांची. नाही केलं, तर तात्या, तुमची खाट आत." बाईच का, तर त्या समोरच्याच्या तोंडात बघून त्याच्या तोंडावर सांगतात. दोन्ही पक्षांनी मान डोलावली.

डॉक्टरीणबाई आल्या, ड्रम मांडले. दाजींनी सुतळीने माप घेतलं: मधल्या छोट्या ड्रमपासून वरचे दोन्ही माइक अगदी सारख्या अंतरावर हवेत, म्हणजे एकच टोला दोन्हींकडे एकदमच पोचतो. मोठ्या ड्रमच्या पोटात उशी घातली. मग बाईंनी जे बडवलं, त्यावरून दिवसभर लोकांना 'दुखणार नाही हं' म्हणणं किती कष्टाचं असतं ते कळलं. वाजवून झाल्यावर त्यांनी हेडफोन लावला आणि डोळे मिटले.

"पायमोजा घालून पुठ्ठ्याच्या खोक्यावर मारल्यासारखं येतंय," त्या म्हणाल्या. "झांजा मेल्यात. आणि मोठा ड्रम नुसता घूं घूं करत बसलाय. ड्रम राहू द्या इथेच, रविवारी एकदा बघू. नाहीच जमलं तर आमचा गाणारा म्हणतोय, कॉम्प्युटरचे ड्रम टाकू."

पातळ फोमचा स्वभावच तसा, हे दाजी नंतर मला सांगत बसले. तो वरवरचा, चमकदार आवाज तेवढा गटकन पिऊन टाकतो. जाडजूड खालचा आवाज त्याच्यातून खुशाल आरपार जातो. म्हणजे होतं नव्हतं ते तेज गेलं आणि घुमणं राहिलं.

मग पुढचे दिवस दुकानातून आल्यावर दाजी फोम सोलत बसायचे. गादीवाल्याने स्वतःच्या हाताने फोम उपटायचा, बघवत नव्हतं. छत बुटकं म्हणून ड्रमच्या डोक्यावरचा तेवढा ठेवला. एका भिंतीला जुन्या कपाटाच्या लाकडी फळ्या तिरक्या-वाकड्या लावल्या, म्हणजे आवाज परत येईल पण विखरून येईल. माझं काम खोलीत फिरत टाळ्या वाजवायचं, म्हणजे आवाज कुठून कसा परततो ते दाजींना ऐकता येईल. माझ्या आयुष्यात मी कुणाचं एवढं कौतुक केलेलं नाही.

शनिवारी सकाळी तात्या आपल्या गादीची वळकटी खांद्यावर घेऊन आले आणि खोलीच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली. म्हणाले, "खाट उद्या येईल." जागा धरायला बसच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, तसं ते होतं. दाजी वळकटीला वळसा घालून माइक लावत राहिले. दुपारी त्यांनी मला ड्रमवर बसवलं आणि मारायला सांगितलं. मी मारलं. मोठा ड्रम 'धप्' म्हणाला आणि गप्प झाला. छोटा कडक वाजला. झांज चमकली आणि हळूहळू विझली. दाजींनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं, मग खडू घेऊन ड्रमच्या प्रत्येक पायाभोवती खूण केली आणि मला बजावलं, आता इथे श्वाससुद्धा विचारून घ्यायचा.

रविवारी बाई यायच्या आधी पुन्हा मारून बघितलं, तर घूं. खुणा जागच्या जागी. सुतळीचं माप बरोबर. माइक बदलले, तारा बदलल्या. दाजींना शेवटी माझाच संशय आला.

"काल तू वेगळं मारलं होतंस."

"दाजी, मला एकच प्रकारे मारता येतं."

ते जमिनीवर बसले. खोलीभर नजर फिरवली आणि ती कोपऱ्यावर येऊन थांबली. कोपरा रिकामा होता. तात्यांनी रात्री झोपण्यापुरती वळकटी परत नेली होती. ताबा दिवसाचा असला तरी झोपायला गादी लागतेच.

जाडा आवाज कोपऱ्यात गोळा होतो आणि तिथे तसंच जाडजूड काहीतरी लागतं, हे दाजींना वाचून ठाऊक होतं. शनिवारी ते काम तात्यांच्या दाबून भरलेल्या कापसाच्या गादीने केलं होतं. "दिवसभर गाद्यांत उभा असतो मी," दाजी म्हणाले, "आणि मला गादी दिसली नाही."

दुकान बंद. उघडं असतं तरी तिथे सगळा फोमच. आणि घरात कापसाची गादी एकच, कारण तात्यांनी मुलाच्या दुकानातली गादी कधी पाठीला लावून घेतली नव्हती. तिला ते 'स्पंज' म्हणतात. भांडी घासायचा असतो, तो.

तात्या पुढच्या खोलीत त्याच गादीवर पेपर वाचत पडले होते. मी दाजींना दारातच सुचवलं की ऊन दाखवतो म्हणून सांगा. पण दाजींना गिऱ्हाइकाशी खोटं बोलता येत नाही, वडिलांशी कुठून येणार? त्यांनी कोपरा, घूं घूं, सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं.

तात्यांनी पेपर खाली केला. "म्हणजे ही गादी दिली की खोली गेली."

"हो."

"आणि नाही दिली तर?"

"खोली तुमची."

तात्यांनी पेपरची नीट घडी घातली. मग म्हणाले, "एवढं गाद्यांचं दुकान, आणि अडलं ते माझ्या गादीवाचून." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते ताईला हाक मारून तिच्यासमोर पुन्हा म्हटलं. मग उठले. "एक टोक धर. मध्ये वाकवू नकोस, कापूस फाकतो."

गादीबरोबर तेही खोलीत आले आणि वळकटीशेजारी स्टूल घेऊन बसले. गादीवर लक्ष ठेवायला म्हणे. दाजींनी हात जोडून सांगितलं की खोकायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी सुरुवात केली तशी तात्यांनी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट पकडलं. कागदासारख्या झोपेच्या या माणसाने, ड्रमपासून हातभर अंतरावर, गाणं संपेपर्यंत एकदाही कानावर हात नेला नाही. मध्ये खोकला आला तो चेहरा लाल होईपर्यंत गिळला.

बाईंनी ऐकलं. पहिल्यापासून पुन्हा ऐकलं. एक्स-रे उजेडाकडे धरून बघताना त्यांचा चेहरा असतो, तसा झाला होता. दाजी भिंतीला टेकून उभे होते, आणि तात्या दाजींकडे बघत होते.

"यात काही काढायचं नाही," बाई म्हणाल्या. "असंच द्या."

बाई गेल्यावर दाजी वळकटी उचलायला वाकले. तात्या म्हणाले, "राहू दे तिथंच. पुढच्या खेपेला परत कोण वाहणार?"

"मग तुम्ही झोपणार कशावर?"

"आण तुझा तो स्पंज. बघू."

सोमवारी दाजींनी दुकानातली सगळ्यात चांगली गादी आणली आणि खाटेवर घातली. तात्यांनी ती बोटाने दाबून बघितली, मग कुठलंही गिऱ्हाईक विचारतं तसं विचारलं, बसते का, गरम होते का, गॅरंटी किती. दुकानात हे सगळं दाजी झोपेतही सांगतील. इथे ते दर वाक्याला अडखळले.

तात्या आडवे झाले आणि डोळे मिटले. आम्ही सगळे खाटेभोवती. समोरच्या गाडीवाल्याची ठोकाठोक चालूच होती. बऱ्याच वेळाने, डोळे न उघडता तात्या म्हणाले, "माझ्या तोंडाकडे काय बघत बसलात? जा, तुमचा स्टुडिओ उघडा."